हा वाटा कुणाचा?

टी.ई. मेकॅनिकल

सुरुवातीलाच सांगते, शाकाहारी मंडळींनी हा लेख वाचला नाही तरी मला राग येणार नाही. ज्यांना वाचायचा आहे त्यांनी मेसमध्ये जेवताना वाचू नये. (मेसच्या जेवणाबद्दल मी काही लिहिणार नाही. संपादकांनी तशी अटच घातली आहे.)

गोष्ट सुरू झाली ती सबमिशनच्या आदल्या रात्री. म्हणजे अर्थातच कुणी सबमिशन करत नव्हतं. रूममेटच्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ चालू होता. अमेरिकेतला एक दाढीवाला माणूस, स्वतः मारलेलं हरीण स्वतःच्या गॅरेजमध्ये टांगून कापत होता. आमच्या विंगमधल्या सगळ्या जणी "ई गंऽऽ" करत डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघत होत्या. मी नीट बघत होते. आणि न राहवून बोलून गेले, "अगं, हा वेडा पुढच्या फऱ्याला करवत का लावतोय? तिथे सांधाच नसतो!"

सगळ्यांनी लॅपटॉपकडून माझ्याकडे माना वळवल्या. त्या रात्रीपासून हॉस्टेलवर माझं नाव 'सर्जन' पडलं. काही जणी अजून माझ्याकडे जरा जपूनच बघतात. तेव्हा एकदाचा खुलासा करून टाकावा म्हणून हा लेख.

खरं तर हा खुलासा मी फार उशिरा करते आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. चौथीत 'माय सन्डे' असा निबंध होता. बाकीच्या मुलींनी बाग, सर्कस, काकांकडची मांजर असं काय काय लिहिलं. मी लिहिलं, की रविवारी आमच्या चाळीत आख्खा बोकड येतो, आबा तो कापतात आणि मी वाट्यांची नावं पुकारते. टीचरनी लाल पेनने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, विषय चांगला नाही. आईला शाळेत बोलावलं. घरी कुणी मला रागावलं नाही, पण त्या दिवसापासून मी शाळेत आमच्या रविवारबद्दल बोलणं बंद केलं. पुढची सात-आठ वर्षं प्रत्येक आखाडानंतरच्या सोमवारी माझं उत्तर ठरलेलं असायचं... "चिकन बिर्याणी."

माझे आबा मूळचे कोयनेच्या खोऱ्यातले, जावळीकडचे. धरण झालं आणि शिवसागराच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं. तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. १ ऑगस्ट १९६२ ला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली, एकेक कारखाना उभा राहू लागला आणि एका चुलत्याच्या मागोमाग आबाही ठाण्याला आले. हेल्पर म्हणून लागले, फिटर म्हणून रिटायर झाले. खोपटला एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवरच्या चाळीत त्यांनी खोली घेतली. तेव्हापासून आम्ही तिथेच आहोत.

कापायचं आबा शिकले ते गावाला, त्यांच्या वडिलांकडून. बोकडावर नाही, भेकरावर. भेकर म्हणजे आपल्याकडचं छोटं, भुंकणारं हरीण. थंडीत सुगीची कामं आटपली की खोऱ्यातली माणसं हाक्याला जायची. पोरं डबे वाजवत रान उठवायची आणि पलीकडे एक-दोघे ठासणीची बंदूक घेऊन बसलेले असायचे. तेव्हा कायदाच नव्हता असं नाही. १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा होता, शिकारीला परवाना लागायचा. पण आबांच्या गोष्टीत परवान्याचा उल्लेख मी एकदाही ऐकलेला नाही!

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे सगळं संपलं. आता हरणाला हात लावणं गुन्हा आहे. अभयारण्यातल्या शिकारीला तर ३ ते ७ वर्षांची कैद आहे. आबांच्या खोऱ्याचंच १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आणि इकडे खोपटहून रिक्षा केली तर थोड्या वेळात आपण येऊरच्या पायथ्याशी पोचतो. तिथून आत सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात चितळ आहे, सांबर आहे, भेकरही आहे. म्हणजे आबा आयुष्यभर भेकरापासून रिक्षाच्या अंतरावर राहिले आणि साठेक वर्षांत त्यांनी त्याचा तुकडा खाल्लेला नाही. एकदा मी विचारलं, "आबा, आठवण येत नाही का चवीची?" तर म्हणाले, "चवीची न्हाई येत. चव बोकडाची बरी. भेकराला चरबीच न्हाई, आई वरनं तेल घालायची."

तर आबांचं ज्ञान. आधी माझा त्यावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, बोकडाची कलेजी हातात आली की पहिल्यांदा पित्ताची पिशवी नीट निघालीय का बघायचं, फुटली असेल तर सगळी कलेजी कडू होते. भेकराला मात्र ती काळजी नाही, त्याला पित्ताची पिशवीच नसते. मी बारावी सायन्सच्या तोऱ्यात म्हटलं, "आबा, काहीतरीच काय!" मग गुपचूप शोधलं. आबा बरोबर होते. हरणांच्या कुळात पित्ताशय नसतंच. बोकड पडला गुरांच्या कुळातला, म्हणून त्याला असतं.

दुसरं म्हणजे, "लई पळवून मारल्यालं जनावर काळं पडतं, चिवट लागतं." हेही खरं निघालं. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा साठा असतो. जनावर शांतपणे मेलं तर मेल्यावर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा पीएच सातच्या आसपासून साडेपाचपर्यंत उतरतो. पळून पळून दमलेल्या जनावरात तो साठा आधीच संपलेला असतो, आम्ल होत नाही, मांस गडद आणि कोरडं राहतं. आबांनी ग्लायकोजेन हा शब्द आयुष्यात ऐकलेला नाही. पण हाक्यात फार दमलेलं भेकर असलं, तर त्याच्या पट्ट्या काढून, मीठ-हळद लावून चुलीवरच्या दोरीवर वाळवायच्या, रस्सा करायचा नाही, हे त्यांच्या आईला ठाऊक होतं.

आणि तिसरं म्हणजे तो पुढचा फरा, ज्याच्यावरून माझं बारसं झालं. आपल्या खांद्याला गळपट्टीचं हाड असतं, त्याने हात छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला असतो. बोकडाला आणि हरणाला ते नसतं. त्यांचे पुढचे पाय अंगाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर, तिथे बेअरिंग नाही, सस्पेन्शन आहे! म्हणून पुढचा फरा काढायला ना सत्तूर लागतो ना करवत. पाय बाहेर ओढायचा आणि काखेतून सुरी फिरवायची, पाट्याच्या हाडामागून आख्खा फरा हातात येतो. "हाड तोडतो त्यो अडाणी," आबा म्हणतात, "सांधा शोधायचा."

आबांच्या शिकारीच्या गोष्टीत सर्वात लांबण असायची ती वाट्यांची. ज्याची गोळी त्याला मुंडी आणि एक फरा. बाकीचे सारखे वाटे. हाक्याला गेलेल्या पोरालाही वाटा, कुत्र्यालाही वाटा. आणि ज्या घरात हाक्याला जायला बाप्या माणूसच नाही, त्या घरालाही वाटा. लहानपणी मला हा भाग कंटाळवाणा वाटायचा. मला बंदुकीचं ऐकायचं असायचं.

(जाता जाता, त्या दाढीवाल्याच्या देशात अजून परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरीण मारता येतं. पण मारलेल्या हरणाचं मटण विकायला तिकडेही बंदी आहे. घरी खा, नाहीतर वाटून टाका. हे मी फोनवर आबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग बराबर हाय.")

आता खोपटचा आखाड. आषाढ संपत आला, की शेवटच्या रविवारी आमच्या चाळीतली घरं मिळून एक बोकड घेतात. शहरात परवान्याच्या जागेबाहेर जनावर मारता येत नाही, त्यामुळे मारणं-सोलणं खाटकाकडे. चाळीत येतं ते सोललेलं धूड, शिवाय मुंडी, पाय, कलेजी, वजडी वेगळ्या पिशवीत. मागच्या अंगणात पत्र्याखाली चिंचेचा ओंडका ठेवतात. आबांची सुरी म्हणजे पॉवर हॅक्सॉच्या मोडक्या ब्लेडपासून त्यांनी स्वतः ग्राइंडरवर घासून केलेली. मी मार्केटमधल्या चकचकीत सुऱ्या बघितल्या आहेत, तिची सर एकीलाही नाही.

कापून झालं की केळीच्या पानांवर वाटे लावायचे. मग एकाने लहान पोराला पाठमोरं उभं करायचं आणि एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा वाटा कुणाचा?" पोराने न बघता खोलीचा नंबर पुकारायचा. म्हणजे भांडायला जागाच नाही. पाचव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत हे काम माझं होतं. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ, दहा, बारा. ही यादी मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

२०२४ साली आषाढ अमावास्या नेमकी रविवारी आली, ४ ऑगस्टला. म्हणजे आदल्या दिवसाचा प्रश्नच नाही, गटारी त्याच दिवशी. त्याआधी वर्षभर आबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची बशी वाजायची. डॉक्टरांनी सुरीला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं. बाबांना रक्त बघितलं की घेरी येते (हो, येते). चुलतभाऊ पुण्यात नोकरीला, त्याने व्हिडिओ कॉलवर शुभेच्छा दिल्या. सगळे म्हणाले, खाटकाकडूनच तुकडे करून आणू. आबा काही बोलले नाहीत. सकाळी धूड आल्यावर त्यांनी सुरी उलटी धरली आणि मूठ माझ्यापुढे केली.

दोन नंबरच्या काकू म्हणाल्या, "आता मुली कापणार का?"

आबा म्हणाले, "इंजिनेर हाय ती. सांधा वळखती."

पुढचे दोन फरे मी पाच मिनिटांत काढले. एवढी वर्षं बघत होते, हाताला आपोआप कळत होतं. मागचे फरे अवघड. तिथे खरा सांधा आहे, वाटीत बसलेला गोळा, अगदी आपल्या डिझाइनच्या पुस्तकातल्या बॉल जॉइंटसारखा. त्याच्या मध्ये एक दोरीसारखी शीर असते, ती सुरीच्या टोकाने कापली की गोळा 'टक्' करून बाहेर येतो. पहिल्या वेळी मला ती सापडेना. आबा खुर्चीत बसून "अजून खाली... खाली... आता वर" असं सांगत होते, रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरला सांगतात तसं. दुसरा फरा एका फटक्यात निघाला. पाठीचा कणा आणि बरगड्यांना मात्र सत्तूर लागतो आणि तिथे माझा दम निघाला. अंगठा कापला तो वेगळाच. साडेनऊ वाजता आबा गोळी घ्यायला आत गेले आणि आडवे झाले.

इथपर्यंत सगळं छान होतं. इथून पुढे मी हुशारी केली.

त्या वर्षी वर्गणी माझ्या मोबाइलवर जमा झाली होती. मी रीतसर एक्सेल शीट केलं होतं. आठ नावं, आठ रकमा. धूड ११ किलो. भागिले आठ, म्हणजे वाट्याला १ किलो ३७५ ग्रॅम. मी आईचा केक करायचा डिजिटल वजनकाटा आणला आणि आठ पानांवर पाच-दहा ग्रॅमच्या फरकाने आठ वाटे लावले. आबा नुसत्या अंदाजाने लावायचे. मला वाटलं, आता बघा म्हणावं, याला म्हणतात अॅक्युरसी!

सगळे आपापली पातेली घेऊन जमले. पाठमोरं उभं राहायला आता माझा सहा वर्षांचा मामेभाऊ होता, त्याला मीच यादी पाठ करून दिली होती. लहानपणी मला आली होती तशीच. मी वाट्यावर बोट ठेवत गेले, तो पुकारत गेला. पाच नंबर. बारा नंबर. एक नंबर. चौथ्या वाट्याला तो ओरडला, "नऊ नंबर!"

मी शीट बघितली आणि मोठ्याने म्हटलं, "नऊ नंबर यादीत नाही. त्यांची वर्गणी आलेली नाही."

नऊ नंबरच्या आजी माझ्यासमोरच उभ्या होत्या. हातात पातेलं होतं. त्यांनी ते पदराखाली घेतलं आणि "असू दे गं, असू दे" म्हणत मागच्या मागे निघून गेल्या. अंगणात कुणी काही बोललं नाही. एसटी स्टँडवरच्या गाडीचा हॉर्न तेवढा ऐकू आला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला एकदम कळलं, की हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मलाच नव्हतं. आजींचे यजमान आबांच्याच खात्यात होते. कारखाना बंद पडला, पुढे ते गेले. तेव्हापासून, म्हणजे पंधराएक वर्षं, वर्गणी आठ घरांची होती आणि वाटे नऊ होते. मी आठ वर्षं दरवेळी नऊ नंबर पुकारला होता आणि मला कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

आवाज थांबला म्हणून आबा बाहेर आले. त्यांनी पानं मोजली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ओरडणार. ते एवढंच म्हणाले, "वाटे मोड."

मी सगळं परत एका ढिगात केलं. मग ते ओंडक्याजवळ खाली बसले आणि नऊ पानं मांडून स्वतः वाटे लावायला लागले. हात थरथरत होता, पण तुकडा उचलायला तो पुरत होता. तेव्हा मला माझी दुसरी चूक दिसली. माझ्या दोन वाट्यांत नळी अजिबात नव्हती आणि एकात नुसती मान आणि बरगड्या होत्या. वजन मात्र अगदी बरोबर! आबांनी आधी नऊ ठिकाणी नळी टाकली, मग फऱ्याचं मऊ, मग छाती, मग मान, मग कलेजीचा एकेक तुकडा. प्रत्येक पानावर बोकडाचा प्रत्येक भाग. (नंतर मी उरलेली चार-पाच पानं गुपचूप काट्यावर ठेवून बघितली. दीडशे ग्रॅमपर्यंत फरक होता. कुणीही तक्रार केली नाही.)

परत पुकारा झाला. नऊ नंबरच्या वाट्याला कुणी आलं नाही. आबा म्हणाले, "तू घेऊन जा."

मी आमच्या डब्यात तो वाटा भरला आणि नऊ नंबरला गेले. दार अर्धं लोटलेलं होतं. आजी तांदूळ निवडत होत्या. मी "सॉरी आजी" म्हटलं. मराठीत काय म्हणायचं ते मला सुचलंच नाही, कॉन्व्हेंटची कृपा. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, "ठेव तिथं ओट्यावर." थोडा वेळ मी तशीच उभी होते. मग त्यांनी विचारलं, "अंगठ्याला काय झालं?" मी म्हटलं, कापला. "हळद लाव," म्हणाल्या आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

संध्याकाळी चाळभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास होता. आमच्याकडे आईने अळणी वेगळं काढलं, सुकं केलं, रस्सा केला. मला फार गेलं नाही. आबांना मात्र नीट गेलं. जेवता जेवता म्हणाले, "मागला फरा बरा काढलास."

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी आमचा डबा, घासून लख्ख केलेला. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. झाकण काढलं तर आत वाल होते, मोड आलेले, एकेक करून सोललेले.